तातेरावांचा डोळा आणि ढवळीचे सायलेन्सर

"काळं करायला काय लागतं? पांढरं करणं अवघड असतं! काळं तर जगात आपोआपच होतं. चूल बघ, तवा बघ, माझी बंडी बघ!"

वाटूरच्या सर्जेरावांनी ओसरीत उभं राहून हे असं ठणकावून सांगितलं, की गोठ्यातल्या गाईनंसुद्धा रवंथ थांबवला. त्यांची बायको बेबीनंदा तुरीच्या शेंगा सोलत बसली होती. तिनं मान वर न करताच विचारलं, "मागच्या टायमाला घड्याळ उघडायला काय लागतं म्हणल्ते, ते जोडलं का?"

घड्याळ जोडलेलं नव्हतं. त्याचा लंबक सध्या गोठ्याच्या दाराला आगळ म्हणून लावलेला होता आणि काम चोख करत होता. पण सर्जेरावांचं तसंच होतं. जगातली कोणतीही गोष्ट दिसली की ते आधी म्हणत, "काहून?" ट्रान्झिस्टर बोलतो तो काहून? गिरणीचा पट्टा फिरताना घसरत न्हाई, तो काहून? आणि उत्तर मिळेपर्यंत त्यांना जेवण गोड लागत नसे. ते मग पान्हा घेऊन उत्तराच्या मागं लागत, आणि उत्तर मिळालं की वस्तू जात असे. गावानं त्यांचं नावच काहूनराव ठेवलं होतं.

या खेपेचा 'काहून' मात्र जरा जड होता. कारण वस्तू सासऱ्याची होती!

सासरे म्हणजे आष्टीचे तातेराव. पंचक्रोशीत पहिली येझदी मोटारसायकल यांनी घेतली. गाडीला दोन बाजूंना दोन लांबच लांब सायलेन्सर, आणि दोन्ही असे चकचकीत की ऊन पडलं तर समोरचा माणूस डोळ्यांवर हात धरायचा. या चकाकीवरून तातेरावांनी गाडीचं नाव 'ढवळी' ठेवलं होतं. रोज सकाळी खोबरेल लावून ते तिला पुसत, मग उजव्या सायलेन्सरसमोर उकिडवं बसून त्यात बघत पटका बांधत. त्यात तोंड दुधी भोपळ्यासारखं लांबुळकं दिसायचं, पण तातेरावांना ते आवडायचं. आरसा खोटं बोलतो, ढवळी खरं बोलते, असं ते चारचौघांत सांगत.

पुढं दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आला. एकदा वाटूरला लेकीकडं येताना त्यांनी शेजारच्या कडूबाच्या म्हशीला रामराम घातला आणि ती उलटून बोलली नाही म्हणून कडूबाच्या घरावर राग धरला. तेव्हा बेबीनंदानं हट्टच धरला, की दादा, आप्रेशन करायचं. जालन्याच्या शिबिरात नाव घातलं. आधी उजवा डोळा, तो बरा झाला की डावा. वाटूरहून जालन्याला गाड्या सोयीच्या, म्हणून मुक्काम लेकीकडं. आणि 'मी जिथं तिथं ढवळी' हा तातेरावांचा हट्ट, म्हणून तीसुद्धा ओसरीला येऊन उभी राहिली.

आप्रेशनला जाताना तातेरावांनी जाहीर केलं, "जावईबापू, नीट दिसलं तर गाडी मी चालवणार. न्हाई दिसलं तर गाडी तुमची. बिलकुल तुमची!"

सर्जेरावांना ती गाडी लग्नापासून हवी होती. पण म्हाताऱ्याचा डोळा जावा असं कोणता जावई मनात आणील? सर्जेराव तसे मनानं लोण्यासारखे. त्यांना फक्त असं वाटत होतं, की म्हाताऱ्याला नीट दिसावं आणि गाडीही आपल्याला मिळावी.

अशात एक दिवस वाटूर फाट्यावर चहा पिताना त्यांना ती दिसली! कुणाची तरी मोटारसायकल, आणि तिचे दोन्ही सायलेन्सर काळेकुळकुळीत. सर्जेराव चहा तसाच ठेवून उठले.

"भाऊ, हे काळं काहून?"

"फ्याशन हाये," गाडीवाला म्हणाला.

"ते झालं. पण चमकीवर काळं बसलं कसं? निसटत काहून न्हाई?"

गाडीवाल्यानं किक मारली आणि तो निघून गेला. प्रश्न तिथंच राहिला, आणि सर्जेराव तो घरी घेऊन आले.

बेत तयार झाला. ढवळीच्या डाव्या सायलेन्सरला गंजाचा तांबेरा चढू लागलाच होता. मामांच्या डोळ्याची पट्टी सुटायच्या आत दोन्ही सायलेन्सर नव्या फ्याशनचे काळे करायचे. मामा बघतील, खूष होतील, आणि खूष झालेला सासरा काय करतो?

"काय करतो?" बेबीनंदानं विचारलं.

"गाडी देतो!"

रंगाचा प्रश्नच नव्हता. पोळ्याला बैलांच्या शिंगांना लावलेला काळा वारनिश डब्यात तसाच उरला होता. शिंगाला धरतो तर सायलेन्सरला काहून धरणार न्हाई? दोन्ही लांब, दोन्ही जोडीनं असतात! तरीपण सर्जेराव शास्त्र सोडणारा माणूस नव्हता. त्यांनी आधी प्रयोग केले. एक स्टीलचा पेला काळा झाला. दुधाची पळी काळी झाली. मसाल्याच्या डब्याचं झाकण काळं झालं.

"अवं, माझा पेला! आईनं दिलेला!"

"थांब नंदे, धरतो का ते बघून राह्यलो."

"आणि भिंतीतल्या देवळीतला आरसा कुठं गेला?"

"बघतो," सर्जेराव म्हणाले आणि घाईनं बाहेर गेले.

बाहेर कडूबा तंबाखू मळत उभा होता. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "सर्जेराव, शिंगंसुद्धा आधी तासून घ्यावी लागतेत. गुळगुळीतावर वारनिश बसत न्हाई."

"येडा का काय! मामाची गाडी खरवडू? मामा मला खरवडतील!"

"मंग निदान गोवऱ्याच्या आरावर शेकून तरी घ्या."

"घरात डोळ्याचा पेशंट येणार, अन् मी धूर करू?"

सबंध प्रकरणात सर्जेरावांनी शहाणपणानं घेतलेला हा एकच निर्णय, आणि घात त्यानंच केला. सायलेन्सर खरवडले नाहीत आणि शेकलेही नाहीत. फक्त डाव्याचा तांबेरा बेबीनंदानं भांडी घासायच्या विटकरीनं खसाखसा काढून दिला. नवऱ्यावरचा राग होता, त्यामुळं चकाकीही बऱ्यापैकी गेली. मग दोन्हींवर वारनिशाचे हात मारून ते उन्हात वाळवले आणि गाडीला चढवले. खोटं कशाला बोलू, ढवळी देखणी दिसत होती! सर्जेरावांनी तिच्याभोवती प्रदक्षिणा घातली, तेव्हा कडूबाही सोबत फिरला.

जालन्याला पट्टी सुटली, काळा गॉगल चढला, आणि तातेराव एस्टीनं वाटूरला आले. सावलीत थोडा वेळ गॉगल काढायला परवानगी होती. सकाळी ओसरीत बाज टाकली. सर्जेराव खांबाआड भाषण पाठ करत उभे राहिले. तातेरावांनी गॉगल काढला.

"बेबे! तुझ्या लुगड्याचं काठ हिरवं हाये! ती बघ भिंतीवर पाल! आणि ती कडूबाची म्हैस... म्हैसच हाये की ती!"

बेबीनंदाच्या डोळ्यांना पाणी आलं. सर्जेरावांनाही भरून आलं. आता हीच वेळ म्हणून ते खांबाआडून निघाले, तेवढ्यात तातेरावांनीच बोलायला सुरुवात केली.

"जावईबापू, खरं सांगतो. हे आप्रेशन मी माणसं बघायला केलंच न्हाई. माणसं काय, आवाजावरून वळखू येतेत. ढवळीच्या चांदीत बघून पुन्हा एकदा पटका बांधायचा, एवढ्यासाठी केलं. ती चांदी माझा जीव हाये. तिला कोणी हात लावला ना..."

वाक्य त्यांनी पुरं केलं नाही. बाजेजवळची काठी नुसती उचलून खाली ठेवली. सर्जेराव भाषणासकट पुन्हा खांबाला चिकटले.

तातेराव पटक्याचं टोक दातांत धरून उजव्या सायलेन्सरसमोर बसले. बघितलं. डोळा चोळला. परत बघितलं. टोक दातांतून सुटलं.

"जावईबापू, सायलेन्सर चमकून राह्यलाय का?"

खरं बोलायची वेळ हीच होती. नुसतं 'न्हाई' म्हटलं असतं तर चार शिव्या, दोन काठ्या आणि विषय संपला असता. पण सर्जेरावांची नजर काठीवर होती. जीभ आपली आपणच वळली.

"म्हंजे काय मामा! लखलख! माझे डोळे दिपून राह्यले!"

"मंग मला काळा काहून दिसून राह्यलाय?"

आयुष्यात पहिल्यांदा सर्जेरावांना एका 'काहून'चं उत्तर पक्कं ठाऊक होतं, आणि ते देता येत नव्हतं!

तातेरावांनी लेकीला विचारलं. तिच्या बापामागं उभे राहून सर्जेरावांनी दोन्ही हात जोडले. "चमकतो, दादा," असं तिनं भिंतीकडं तोंड करून सांगितलं आणि आत जाऊन भांडी आपटली. मग कडूबाला हाक गेली. सर्जेरावांनी त्याला डोळा मारला, घाईत दोन्ही डोळे मारले. कडूबा समजूतदार माणूस. म्हणाला, "पाव्हणं, काय चमकतो! आमची म्हैस बुजली सकाळी!"

तातेराव बाजेवर बसले. त्यांचा चेहरा पडला.

"समजलं. बाकी सगळं दिसतं, चमक तेवढी दिसत न्हाई. चमकीची नस तुटली माझी." त्यांनी गॉगल चढवला. "गाडी तुमची, जावईबापू. आणि दुसरा डोळा मी देणार न्हाई. त्यानं बघितलेली, धुरकट का होईना, ढवळीची चमक अजून ध्यानात हाये. तो आता असाच राहू द्या."

'गाडी तुमची' हे शब्द ऐकायला सर्जेराव लग्नापासून कान देऊन बसले होते. ते ऐकले आणि तोंडात कोयनेलची गोळी फुटल्यासारखं झालं. म्हातारा जेवला नाही. दुपारी कडूबानं फाट्यावर सगळं सांगितलं, म्हणजे खोटं तेवढं सांगितलं, कारण खरं न सांगायचा त्यानं शब्द दिला होता. संध्याकाळपर्यंत शिबिराला नाव दिलेल्या सोनूबाई आणि रामकिसन दोघांनी येऊन सांगितलं, की आमची नावं काढा. तिथं चमकीची नस तोडतेत म्हणं!

बेबीनंदा कंबरेवर हात ठेवून उभी राहिली. "माझ्या बापाचा दुसरा डोळा तुमच्या वारनिशापायी जाणार असंल, तर मी गप बसणार न्हाई. तुम्ही सांगता का मी सांगू?"

"सांगतो. डॉक्टरांपुढं सांगतो."

"तिथंच काहून?"

"तिथं मलमपट्टीची सोय असते," सर्जेराव म्हणाले.

दुसऱ्या दिवशी जालन्याला निघाले. तातेराव म्हणाले, शेवटचं ढवळीवर बसू द्या. धुळीचं कारण सांगून बेबीनंदानं मोडता घातला, पण म्हातारा ऐकेना. शेवटी गॉगल चढवला, वरून उपरण्यानं डोकं गुंडाळलं, नुसतं नाक उघडं ठेवलं आणि गाडी सुटली.

अर्ध्या वाटेत ते नाकच बोललं.

"जावईबापू, कोणी शिंग जाळून राह्यलंय का?"

सर्जेरावांनी मागं बघितलं. ढवळी निळसर धूर सोडत होती! त्यांनी रस्त्याकडंच्या लिंबाखाली गाडी लावली. उजव्या सायलेन्सरवर वारनिश निखाऱ्यावरच्या पापडासारखा फुगला होता. ठिकठिकाणी त्याची सालपटं सुटून लोंबत होती, आणि सालपटांखालून ढवळीची चांदी जशीच्या तशी हसत होती. आता लपवण्यासारखं काही उरलंच नव्हतं. सर्जेरावांनी छाती घट्ट केली.

"मामा, मला तुम्हाला एक सांगायचंय..."

"गप बसा!" तातेराव ओरडले. त्यांनी गॉगल काढला होता. "जावईबापू! दिसून राह्यलं! मधी मधी चमक दिसून राह्यली! नस जुळली माझी!"

आणि तो काठीसारखा ताठ म्हातारा भर रस्त्यात रडायला लागला. आता तुम्हीच सांगा, अशा माणसाला वारनिशाचं कसं सांगायचं? सर्जेरावांनी उघडलेलं तोंड मिटलं.

"पळवा गाडी! जल्दी! हवा लागून फरक पडतोय!"

सर्जेरावांनी गाडी पळवली. जितकी पळवावी तितका सायलेन्सर तापावा, आणि जितका तापावा तितकी सालपटं उडावीत. तातेराव दर गावाला गाडी थांबवून खाली उतरत, बघत आणि कळवत, "निम्मं दिसतंय! आता थोडंच राह्यलं!" जालना आलं तेव्हा उजवा सायलेन्सर लग्नातल्या समईसारखा लखलखत होता. तातेरावांनी तिथंच त्यात बघून पटका बांधला आणि मग पलीकडच्या बाजूला गेले.

"पण जावईबापू, डावा काळाच दिसून राह्यलाय."

"मामा, तुमचं आप्रेशन पण उजव्याच डोळ्याचं झालंय ना!"

हे वाक्य कुठून आलं ते सर्जेरावांनाही कळलं नाही. तातेरावांनी विचार केला, मान डोलावली आणि म्हणाले, "बराबर! बिलकुल बराबर! मंग डावा पण करून टाकू!"

झालं! म्हातारा खूष, दुसरा डोळा वाचला, आणि खरं सांगायची पाळी टळली. सर्जेराव देवाचे आभार मानत दवाखान्याच्या भिंतीला टेकून बसले, आणि तेवढ्यात त्यांच्या मनात आलं, उजव्याचा निघाला, मग डाव्याचा काहून न्हाई? वारनिश एकच, हात एकच, ऊन एकच! ते डाव्या सायलेन्सरपुढं मांडी घालून बसले आणि नखानं टोकरू लागले.

डॉक्टरांनी डोळा तपासला. चमक आधी गेली, मग वाटेत आली, हे ऐकून ते चक्रावले आणि स्वतः गाडी बघायला बाहेर आले. त्यांनी ढवळीकडं बघितलं, उजव्या सायलेन्सरला चिकटलेलं एक सालपट उचललं, मग नखं काळी करून बसलेल्या सर्जेरावांकडं चष्म्यावरून बघितलं. थेंब टाकायचे राहिले म्हणून तातेरावांना पुन्हा आत घेऊन गेले. बाहेर आले तेव्हा तातेरावांनी उपरणं तोंडावर धरलं होतं आणि ते खोकत होते. फार खोकत होते.

"थेंब कडू होते का मामा?"

"लई कडू!" उपरण्याआडून आवाज आला.

डाव्या डोळ्याची तारीख ठरली. उजवा सायलेन्सर चमकताना बघून सोनूबाई आणि रामकिसननं आपली नावं परत घातली. आता सर्जेरावांपुढं एकच काम उरलं. तातेरावांची दुसरी पट्टी सुटायच्या आत डाव्याचा रंग काढायचा! त्यांनी चिंच लावली. राख लावली. रॉकेल चोळलं. गाडी तापवून बघितली. वारनिश हलायला तयार नव्हता. घासता घासता त्यांना त्या बाजूचे विटकरीचे बारीक ओरखडे दिसले आणि ते एकदम उडी मारून ओरडले, "सापडलं! नंदे, सापडलं!"

"काय सापडलं?"

"धरला काहून ते! कडूबा बराबर म्हणत होता! तू घासलं म्हणून धरला! खरवडल्याबिगर धरतच न्हाई!"

"मंग आता निघंल कसा?"

"ते सापडलं न्हाई," सर्जेराव म्हणाले.

पट्टी सुटली. पुन्हा ओसरी, पुन्हा बाज, पुन्हा काठी. तातेरावांनी गॉगल काढला, दोन्ही डोळ्यांनी गाव बघून घेतलं, आणि उठून ढवळीच्या डाव्या बाजूला बसले.

"काळाच हाये," ते सावकाश म्हणाले. "ह्या डोळ्याची पण नस तुटली म्हणायची. जाऊ द्या. नशीब माझं."

त्यांचा तो बारीक झालेला आवाज ऐकला आणि सर्जेरावांच्यानं राहवेना. काठी जवळच होती, तरी ते पुढं झाले.

"मामा, डोळा चांगलाय. दोन्ही चांगले हायेत. पहिल्या दिवसापासून चांगले हायेत! सायलेन्सर मीच रंगवला. दोन्ही रंगवल्ते. चमकतो म्हणालो ते खोटं बोललो. हाणा मला!"

तातेरावांनी काठीला हात लावला नाही. त्यांनी पटक्याच्या घडीत बोटं घातली आणि एक वाळकं काळं सालपट काढून जावयाच्या तळहातावर ठेवलं.

"हे त्या दिवशी डॉक्टरनं दिल्तं. म्हणला, बाबा, डोळा एकदम बराबर हाये. जावई तेवढा तपासून घ्या!"

खांबाला टेकून बेबीनंदा फस्सकन हसली. सर्जेराव सालपटाकडं बघत राहिले.

"मंग मामा, तुम्ही तवाच बोलले काहून न्हाई?"

"तुम्ही कधी बोलता ते बघून राह्यल्तो," तातेराव म्हणाले. "मी आंधळा झालो असं वाटून दिवसभर उपाशी बसल्तो, जावईबापू. तवा बोलायचं होतं."

सर्जेरावांची मान छातीला टेकली. गोठ्यात घड्याळाचा लंबक वाऱ्यानं दारावर खुटखुट वाजत होता.

"गाडी माझी," तातेराव पुढं म्हणाले. "मला आता दोन्ही डोळ्यांनी दिसतं. पण खरं सांगू का?" त्यांनी डाव्या सायलेन्सरवरून हात फिरवला. "ही बाजू देखणी झालीय हो! एक काळा, एक पांढरा बरा दिसत न्हाई. उजवा पण असाच करून द्या. ह्या बारीला मात्र घासून!"

सर्जेरावांचा चेहरा उजळला. ते विटकर आणायला धावलेच होते, तेवढ्यात उंबऱ्याशी थांबून त्यांनी विचारलं, "पण मामा, मंग पटका कशात बघून बांधणार?"

"बांधीन आरशात. दुसरं काय? बेबे, देवळीतला आरसा आण बरं."

सर्जेराव हळूच मागच्या दारानं निघाले. ते आडापर्यंत पोचतात न पोचतात, तोच घरात दडवलेला आरसा बेबीनंदाला सापडला आणि तिची आरोळी आली.

"अवंऽऽ! काचेला पण काळं?"